आरोग्यविज्ञान शिक्षणाचं नियतकालिक: संपादकीय कामाच्या नोंदी, जानेवारी २०२४ ते ऑगस्ट २०२५

८ जानेवारी २०२४

कामाची व्याप्ती ठरली. नियतकालिक सहामाही, विषय वैद्यक, दंत, नर्सिंग, फिजिओथेरपी आणि आयुर्वेद यांचं शिक्षण. लेखकाकडून शुल्क नाही, वाचकाकडूनही नाही. आजची स्थिती अशी: अंकाची एकच जाडजूड पीडीएफ, लेखाला स्वतःची लिंक नाही, डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) नाही, संपादक मंडळात ३१ नावं.

उद्दिष्ट डीओएजेत, म्हणजे डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस जर्नल्स या मोफत वाचता येणाऱ्या नियतकालिकांच्या सूचीत, नोंद. अर्ज फुकट असतो आणि त्यात जे विचारतात ते नियतकालिकाकडे एरवीही असायलाच हवं. किमान अटी: वर्षाला निदान ५ संशोधन लेख, प्रत्येक लेखाची वेगळी लिंक, संपादक मंडळ नावं आणि संस्थांसह, समीक्षणाची पद्धत, परवाना आणि कॉपीराइट यांची स्पष्ट पानं, शुल्क नसेल तर 'शुल्क नाही' असंही लिहिलेलं. अर्ज नाकारला गेला तर पुढचे ६ महिने पुन्हा करता येत नाही. म्हणून घाई नको, वर्षभर घर आवरू, मग दार वाजवू.

पहिलीच त्रुटी नावात सापडली. आयएसएसएनच्या (नियतकालिकाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाच्या) नोंदीत शीर्षकात 'अँड' हा पूर्ण शब्द आहे, मुखपृष्ठावर आणि संकेतस्थळावर त्याचं चिन्ह. बघायला क्षुल्लक, पण डीओएजे शीर्षक आयएसएसएनच्या नोंदीशी ताडून बघतं. मुखपृष्ठ बदलायचं, नोंद नाही. शीर्षकात मोठा बदल केला तर नवा आयएसएसएन घ्यावा लागतो आणि जुन्या अंकांशी धागा तुटतो.

२२ जानेवारी २०२४

जुने अंक फोडायला सुरुवात. क्रम असा बसला: मोठ्या पीडीएफमधून लेखाची पानं वेगळी करायची, पहिल्या पानावर खंड, अंक, वर्ष, पृष्ठं आणि परवाना आहे का ते बघायचं, मग ओपन जर्नल सिस्टिम्स या नियतकालिक चालवण्याच्या प्रणालीत शीर्षक, लेखक, संस्था, सारांश, कीवर्ड आणि संदर्भ भरायचे. एका लेखाला २५ ते ३० मिनिटं. संदर्भ एका ओळीत एक असे टाकले नाहीत तर पुढे क्रॉसरेफला (डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेला) पाठवताना दोन संदर्भ चिकटून एक होतात.

एका पानावर एका लेखाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात, असं तीन ठिकाणी निघालं. तिथे पान दोन्ही फाइलींत ठेवलं. कापून जोडायला गेलं की पृष्ठक्रमांकांचा घोळ होतो आणि आधी छापलेले उल्लेख चुकतात.

स्कॅन केलेल्या जुन्या अंकांची फाइल ६० एमबीच्या वर. गूगल स्कॉलर ५ एमबीपेक्षा मोठी पीडीएफ घेत नाही. लेख सुटे केल्यावर, स्कॅन ३०० डीपीआयवर ठेवून आणि ओसीआर करून (चित्रातल्या अक्षरांचा शोधता येणारा मजकूर करून), बहुतेक फाइली २ एमबीखाली आल्या.

२९ जानेवारी २०२४

बॅकअप तीन गोष्टींचा: डेटाबेस, अपलोड फाइलींचं फोल्डर, कॉन्फिगरेशन फाइल. यातली एक जरी राहिली तरी साइट जशीच्या तशी उभी राहत नाही. अपलोड फोल्डर संकेतस्थळाच्या सार्वजनिक फोल्डरात होतं, म्हणजे लिंक ओळखता आली तर समीक्षणाला आलेला अप्रकाशित लेख कुणालाही उघडता आला असता. बाहेर हलवलं. बॅकअपवरून दुसऱ्या मशीनवर साइट उभी करून बघितली. दुसऱ्या प्रयत्नात चालली.

१२ फेब्रुवारी २०२४

समीक्षक उत्तरच देत नाहीत ही जुनी तक्रार. आज उलगडा झाला: निमंत्रणं स्पॅममध्ये पडत होती, काही तर पोचतच नव्हती. गूगलने १ फेब्रुवारीपासून जीमेलवर येणाऱ्या मेलसाठी एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या नोंदी) सक्तीचं केलं आहे. आपला सर्व्हर मेल स्वतःच्या नावाने पाठवत होता आणि 'पाठवणारा' म्हणून संपादकांचा वैयक्तिक जीमेल पत्ता लावत होता. कुठल्याही मेल यंत्रणेला हा तोतयाच वाटणार.

दुरुस्ती: सगळी निमंत्रणं नियतकालिकाच्या डोमेनवरून, संपादकाचा पत्ता फक्त 'उत्तर इथे द्या' या रकान्यात, डीएनएसमध्ये एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी, डीमार्क (ही तपासणी चुकली तर मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) आधी फक्त अहवाल येण्यापुरतं. सर्व्हरवरचं वेळापत्रकी काम बंद होतं, म्हणून आपोआप जायच्या आठवणीही जात नव्हत्या. तेही चालू केलं. समीक्षकांना आळशी म्हणण्याआधी टपाल तपासायला हवं होतं.

४ मार्च २०२४

छापील आवृत्ती थांबवण्याचा निर्णय. १ मार्चपासून लागू झालेल्या २०२३च्या प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ पीरिऑडिकल्स कायद्यात वैज्ञानिक, तांत्रिक आणि शैक्षणिक नियतकालिकं 'पीरिऑडिकल'च्या व्याख्येत येत नाहीत, त्यामुळे त्या बाजूने अडचण नव्हती. अडचण खर्चाची आणि उशिराची. छापखान्यासाठी १६च्या पटीत पानं जुळवायची म्हणून एखादा तयार लेख पुढच्या अंकावर ढकलला जायचा.

आता लेख तयार झाला की लगेच प्रसिद्ध होईल आणि चालू अंकात जमा होईल. पृष्ठक्रमांकांऐवजी लेखक्रमांक. ऑनलाइनचा आयएसएसएन वेगळा असतो, तो आहे. छापीलचा जुन्या अंकांवर तसाच राहील.

१५ एप्रिल २०२४

क्रॉसरेफचं सदस्यत्व मिळालं. सर्वात खालच्या गटाची २०२४ ची वार्षिक वर्गणी २७५ डॉलर. चालू आणि मागच्या दोन वर्षांतल्या लेखाला नोंदणीचा १ डॉलर, त्याआधीच्याला १५ सेंट. म्हणजे २०२२ ते २०२४ एका भावात, २०२१ आणि त्याआधीचे दुसऱ्या.

डीओआयच्या शेपटात खंड-अंक घालायचा नाही असं ठरलं. लेख अंक बदलू शकतो, डीओआय बदलत नाही. लहान, अर्थ नसलेली अक्षरमाला ठेवली.

पहिल्या दिवशीच्या चुका, पुढच्या माणसासाठी:

एक, पीडीएफवर डीओआय छापला पण क्रॉसरेफला नोंद पाठवायची राहिली. वाचक लिंक दाबतो, 'डीओआय सापडत नाही' असं येतं. क्रम कायमचा असा: डीओआय लेखाला द्यायचा, प्रूफवर छापायचा, लेख प्रसिद्ध करायचा, त्याच दिवशी नोंद पाठवायची, आणि लिंक वेगळ्या फोनवरून, लॉगिन न करता उघडून बघायची.

दोन, दुरुस्त नोंद पुन्हा पाठवली तर 'पाठवलेली आवृत्ती आधीच्यापेक्षा जुनी किंवा तितकीच आहे' म्हणून परत आली. प्रत्येक नोंदीला वेळेचा शिक्का असतो, तो आधीच्यापेक्षा मोठा हवा. हाताने फाइल बनवताना जुनाच शिक्का राहिला होता.

तीन, लेखकांची नावं. काहींनी आडनाव आधी लिहिलं, काहींनी वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात. एकाच लेखिकेच्या तीन लेखांवर नावाची तीन रूपं निघाली. यापुढे ओआरसीआयडी (संशोधकाचा ओळख क्रमांक) सक्तीचा, आणि तोही टाइप करून नाही, लेखकाने स्वतः लॉगिन करून जोडलेला. टाइप केलेल्या क्रमांकात एक आकडा चुकला की तो अवैध ठरतो, आणि दुसऱ्याचाच क्रमांक टाकला तर श्रेय भलत्याच माणसाच्या खात्यात जातं.

२० मे २०२४

आलेले लेख चाळले. आकडा वाढतोय, पण निम्म्याहून जास्त एकाच साच्याचे: एक तासाचं सत्र, आधी १० एमसीक्यू, नंतर तेच १० एमसीक्यू, गुण वाढले, पी-मूल्य (निव्वळ योगायोगाने असा फरक दिसण्याची शक्यता) ०.००१ पेक्षा कमी, विद्यार्थी समाधानी, म्हणून ही पद्धत अभ्यासक्रमात आणावी.

यात खोटं काही नाही, पण कळतही काही नाही. शिकवल्यावर लगेच तेच प्रश्न विचारले तर गुण वाढणारच. फळ्यावर लिहून शिकवलं असतं तरी वाढले असते. तुलनेचा गट नाही, दोन-तीन महिन्यांनी काय उरलं ते तपासलं नाही, प्रश्न कुणी आणि कशावरून तयार केले ते दिलं नाही.

असे लेख समीक्षकांकडे पाठवून त्यांचा वेळ घालवण्यात अर्थ नाही. संपादकांच्या पहिल्या चाळणीसाठी मर्स्की ही शिक्षणविषयक अभ्यासाचा दर्जा मोजणारी मोजपट्टी घेतली. रीड आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेली, ६ भाग, १० बाबी, जास्तीत जास्त १८ गुण. एका गटाचा आधी-नंतर आराखडा १.५ गुण, यादृच्छिक विभागणी ३. एकच संस्था ०.५, दोनपेक्षा जास्त १.५. नुसतं समाधान मोजलं तर १, ज्ञान किंवा कौशल्य १.५, प्रत्यक्ष कामातलं वागणं २, रुग्णावरचा परिणाम ३. अमुक गुणांखाली नापास, अशी रेषा मात्र आखली नाही. ही पट्टी संख्यात्मक अभ्यासांसाठी आहे. मुलाखतींवरच्या चांगल्या लेखाला ती लावली तर अन्याय होतो. त्यांना कोरेकच्या ३२ मुद्द्यांची किंवा एसआरक्यूआरच्या २१ मुद्द्यांची यादी.

नकाराच्या पत्रात 'व्याप्तीबाहेर' हा गुळमुळीत शब्द बंद. काय जोडलं असतं तर लेख पुढे गेला असता, ते दोन वाक्यांत लिहायचं. उत्तर ७ दिवसांत. नकार लवकर मिळाला तर लेखक दुखावतो, पण अडकून पडत नाही.

१० जून २०२४

आकड्यांची चाळणी. एका लेखात ६० विद्यार्थ्यांचं समाधान १ ते ५ या पट्टीवर सरासरी ४.८, प्रमाण विचलन (उत्तरं सरासरीभोवती किती विखुरली ते) १.१. हे होऊच शकत नाही. १ ते ५ मध्ये सरासरी ४.८ असेल, तर बहुतेक सगळे ५ वर आणि उरलेले थेट १ वर, असं कितीही ताणलं तरी विचलन ०.८८ च्या वर जात नाही. हिशोब सोपा आहे: (४.८ − १) गुणिले (५ − ४.८) म्हणजे ०.७६, त्याचं वर्गमूळ ०.८७, आणि ६० जणांच्या नमुन्यासाठी किंचित वाढ.

दुसऱ्यात २३ जणांची एका प्रश्नावर सरासरी ३.४७. उत्तरं पूर्णांकांत, म्हणून बेरीजही पूर्णांक. ७९ भागिले २३ म्हणजे ३.४३, ८० भागिले २३ म्हणजे ३.४८. मधे काही नाही.

दोन्ही लेखकांकडे मूळ एक्सेल मागितलं. पहिल्यात विचलनाच्या रकान्यात दुसऱ्याच प्रश्नाचा आकडा होता. दुसऱ्यात एकाने उत्तर दिलं नव्हतं, प्रत्यक्षात २२ होते; मग ३.४७ नाही, ३.४५ येतं, म्हणजे तिथे बेरीजही चुकली होती. लबाडी कुठेच नव्हती. पण समीक्षणाला पाठवण्याआधी पाच मिनिटं कॅल्क्युलेटर घेऊन बसायचं, हे आता कामाच्या यादीत आहे.

१५ जुलै २०२४

एथिक्स कमिटीच्या पत्रांचा गोंधळ. बरेच लेखक लिहितात, 'हा शैक्षणिक उपक्रम असल्याने परवानगीची गरज नव्हती.' आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत शिकवण्याच्या पद्धती, अभ्यासक्रम किंवा वर्गव्यवस्थापन यांची तुलना समीक्षेतून सूट मिळू शकणाऱ्या गटात आहे, हे खरं. पण सूट कमिटी देते. संशोधक स्वतःला देत नाही. म्हणून सूट दिल्याचंही पत्र लागतं, आणि त्यावरची तारीख माहिती गोळा करण्याआधीची हवी.

पत्राशिवाय आलेला लेख घ्यायचा नाही. नंतरच्या तारखेचं पत्र आणून देतो म्हणणाऱ्यांनाही नाही. कडक वाटेल, पण इथे सवलत दिली की पुढच्या दहा जणांना तीच द्यावी लागते.

आणखी एक बाब पत्रांत दिसत नाही: विद्यार्थ्यांची संमती घेणारे तेच शिक्षक, अंतर्गत गुण देणारेही तेच. अशा वेळी 'नाही' म्हणायची मुभा कागदावरच राहते. लेखकांसाठीच्या सूचनांत नवा प्रश्न: संमती कुणी घेतली आणि त्या व्यक्तीच्या हाती विद्यार्थ्यांचे गुण होते का?

१९ ऑगस्ट २०२४

समीक्षक. इथेच गाडी अडते.

लेख चांगला असो वा वाईट, दोन स्वतंत्र समीक्षणं लागतात. दोन हवी असतील तर दोन निमंत्रणं पाठवून भागत नाही. आता एका वेळी तीन पाठवतो: होकार-नकारासाठी ७ दिवस, पाचव्या दिवशी आठवण, सातव्या दिवशी गप्प असलेल्याचं निमंत्रण मागे आणि यादीतल्या पुढच्याला. समीक्षणाला २१ दिवस. तिघांनीही होकार दिला तर तिसरं समीक्षण जास्तीचं, पण वाया जात नाही.

लेखकाने सुचवलेला समीक्षक घेताना मेल संस्थेच्या डोमेनचा आहे का ते बघायचं. नसेल तर नाव स्वतः शोधून, संस्थेच्या पानावरचा पत्ता घेऊन निमंत्रण. सुचवलेल्या पत्त्यावर कधीच थेट पाठवायचं नाही. बनावट समीक्षणं याच वाटेने शिरतात.

फॉर्म बदलला. पूर्वी एकच मोठा रकाना होता, त्यात 'लेख बरा आहे, स्वीकारावा' अशी एक ओळ यायची. आता पाच प्रश्न: संशोधनाचा प्रश्न तुमच्या शब्दांत लिहा; पद्धत त्या प्रश्नाला उत्तर देऊ शकते का; मोजमापाच्या साधनाचा पुरावा काय; निष्कर्षांतलं कुठलं वाक्य माहितीच्या पुढे जातं; लेखकाने बदलायलाच हवेत असे तीन मुद्दे. पहिला प्रश्न सर्वात कामाचा. ज्याला लेखाचा प्रश्न स्वतःच्या शब्दांत लिहिता येत नाही, त्याने लेख वाचलेला नसतो, किंवा लेखात प्रश्नच नसतो.

जोडीने समीक्षण सुरू: एक अनुभवी, एक नवा, दोघांची नावं नोंदीत, गोपनीयता दोघांना बंधनकारक. नवे लोक आरोग्य-शिक्षकांसाठीची फायमर फेलोशिप केलेल्यांतून घेतले. मुंबईत सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमधलं फायमर प्रादेशिक केंद्र २००५ मध्ये सुरू झालं. दोन वर्षांच्या फेलोशिपमध्ये प्रत्येकाला स्वतःच्या कॉलेजात शिक्षणविषयक प्रकल्प करावा लागतो. असे प्रकल्प बरेचदा पोस्टरवर थांबतात, त्यांचा लेख होत नाही. म्हणजे समीक्षकही तिथेच आहेत आणि लेखही.

२३ सप्टेंबर २०२४

डीओएजेची सर्वात अवघड अट: शेवटच्या दोन अंकांपैकी कुठल्याही अंकात, ज्यांचा निदान एक लेखक संपादक, मंडळाचा सदस्य किंवा समीक्षक आहे असे संशोधन लेख २५ टक्क्यांहून जास्त नकोत. समीक्षकसुद्धा धरतात, हे बहुतेकांच्या नजरेतून सुटतं.

गेल्या अंकात संशोधन लेख ९, त्यांत मंडळातल्यांचे ३. म्हणजे ३३ टक्के, नापास. दोन असते तर २२.

सोपा उपाय सुचवला गेला: एक लेख पुढच्या अंकात सरकवा. तो नको. आकडा सुधारतो, आजार तसाच राहतो. खरा प्रश्न ३१ जणांच्या मंडळाचा आहे. त्यांतले कितीतरी मानाने घेतलेले, एकही लेख न हाताळलेले विभागप्रमुख. काम नाही, पण लेख मात्र इथेच द्यायचे. प्रत्येक सदस्याला पत्र गेलं: वर्षाला किमान ४ लेख हाताळणं किंवा ६ समीक्षणं, जमत नसेल तर आभार मानून निवृत्ती. मंडळ १४ वर आलं. दोन-तीन ठिकाणी रुसवेफुगवे झाले.

राहिलेल्यांचा लेख आला तर तो बाहेरचा पाहुणा संपादक हाताळेल, लेखकाला प्रणालीत त्याची फाइल दिसणार नाही, आणि छापताना तळाला तसं विधान असेल.

१८ नोव्हेंबर २०२४

वैद्यकीय शिक्षकांच्या बढत्यांचा हंगाम. रोजचे दोन प्रश्न: 'इंडेक्स कुठे आहे?' आणि 'स्वीकृतीचं पत्र आज मिळेल का?' मूळ तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलच्या फेब्रुवारी २०२० च्या दुरुस्तीत आहे. बढतीसाठी मान्य सूचींची यादी त्यात आली, डीओएजे तिच्यात आहे. लेखकाने पहिल्या तिघांत किंवा पत्रव्यवहाराचा लेखक असावं, अशीही अट होती. परिणाम थेट आमच्या टेबलावर: स्वीकृतीनंतर लेखकक्रम बदलण्याच्या विनंत्या. चौथं नाव तिसऱ्यावर, तिसरं गायब.

कोपच्या (प्रकाशन नीतिमत्तेच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या) तक्त्याप्रमाणे काम चालू: बदल का हवा ते लेखी, सगळ्या लेखकांची, काढल्या जाणाऱ्याचीही, वेगवेगळ्या मेलवरून संमती, तोवर प्रकाशन थांबलेलं. स्वीकृतीचं पत्र समीक्षण पूर्ण झाल्याशिवाय नाही, 'तात्पुरतं' तर नाहीच.

९ डिसेंबर २०२४

नावात 'आरोग्यविज्ञान' आणि वर्षभराच्या अंकांत जवळजवळ सगळं एमबीबीएस. फाउंडेशन कोर्स, एटकॉम (वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद), अर्ली क्लिनिकल एक्स्पोजर, कुटुंब दत्तक कार्यक्रम: २०१९च्या क्षमताधारित अभ्यासक्रमाने आणि नंतरच्या बदलांनी लेखांचा पूर आणला. नर्सिंगचा बीएस्सी अभ्यासक्रमही २०२१ मध्ये सेमिस्टर आणि क्रेडिटवर गेला, पण तिकडून लेख येत नाहीत. कारण विचारल्यावर समजलं, आमच्या सूचनांतली सगळी उदाहरणं डॉक्टरांची. उदाहरणं बदलली आणि नर्सिंग व फिजिओथेरपीसाठी दोन विभाग संपादक घेतले.

आलेल्या पहिल्या दोन लेखांपैकी एक ओएससीईवर, म्हणजे स्टेशनवार घेतल्या जाणाऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेवर. हार्डनने डंडीत १९७५ मध्ये मांडलेली पद्धत आता सगळीकडे आहे, म्हणून 'आम्ही ओएससीई घेतली' हा लेख होत नाही. मागितलेले बदल: स्टेशनांचा आराखडा, म्हणजे कुठली क्षमता कुठल्या स्टेशनवर, प्रत्येक स्टेशनचा वेळ, परीक्षक एक की दोन आणि त्यांना काय प्रशिक्षण, उत्तीर्णतेची रेषा कशी काढली, गुणांची विश्वसनीयता. लेखिकांनी महिनाभरात सगळं दिलं. या वर्षातला सर्वात नीट लेख.

१३ जानेवारी २०२५

डीओएजेला अर्ज गेला. समीक्षणाची पद्धत दुहेरी गुप्त (लेखक आणि समीक्षक एकमेकांना अज्ञात), परवाना सीसी बाय ४.० (श्रेय देऊन कुणालाही वापरायची मुभा), कॉपीराइट लेखकाकडे, शुल्क शून्य, दाखल होण्यापासून प्रसिद्धीपर्यंत सरासरी २२ आठवडे. हा शेवटचा आकडा कमी करून सांगायचा मोह होतो. लेखावर 'दाखल', 'स्वीकृत', 'प्रसिद्ध' या तिन्ही तारखा छापलेल्या असतात, कुणीही मोजू शकतं.

१७ फेब्रुवारी २०२५

यूजीसीने केअर ही मान्य नियतकालिकांची यादी बंद केल्याची जाहीर सूचना या महिन्यात आली. दिवसभर फोन: 'मग आता तुमचं काय?' आमचं काहीच नाही, आम्ही त्या यादीत नव्हतो.

केअरचं काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या प्रकाशन नीतिमत्ता केंद्राशी जोडलेलं होतं. त्याआधीच्या यूजीसी यादीची छाननीही पुण्याच्याच अभ्यासकांनी केली होती. २०१८ मध्ये करंट सायन्समध्ये आलेल्या त्या अभ्यासात तपासलेल्या १,००९ नियतकालिकांपैकी ८८ टक्के निकषांत बसली नव्हती. यादी असली की यादीत शिरण्याचा धंदा उभा राहतो. यादी नसली की तपासणीचा भार संस्थेवर येतो, आणि कॉलेजात ती करणारा माणूस कोण, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

२४ मार्च २०२५

डीओएजेकडून शंका आली. संकेतस्थळावर परवाना सीसी बाय, पण २०२३ पर्यंतच्या पीडीएफच्या तळाला बारीक अक्षरांत 'सर्व हक्क प्रकाशकाकडे सुरक्षित'. छापखान्याच्या जुन्या साच्यातली ओळ वर्षानुवर्षं तशीच येत राहिली होती. दोन विधानं एकमेकांच्या विरुद्ध, वाचकाने कुठलं मानायचं?

जुन्या फाइलींवर नुसती पांढरी पट्टी मारून चालत नाही. आधीच्या लेखकांनी कॉपीराइट प्रकाशकाला दिलेला होता. प्रकाशक म्हणजे कॉलेज. कॉलेजच्या सहीचं पत्र घेतलं: सर्व जुने लेख सीसी बाय ४.०खाली. मग तळटीप बदलून फाइली पुन्हा चढवल्या, लेखाच्या पानावर 'परवान्याची ओळ दुरुस्त' अशी तारखेसह नोंद, आणि क्रॉसरेफला परवान्याच्या लिंकसह नव्या नोंदी. वेळेचा शिक्का यावेळी आठवणीने वाढवला.

५ मे २०२५

मराठी सारांश सुरू. लेख इंग्रजीतच, पण वॉर्डातल्या नर्सिंग शिक्षिका आणि जिल्हा रुग्णालयातले प्रशिक्षक वाचतील असा १५० शब्दांचा गोषवारा मराठीत.

शब्दांवर दोन बैठका झाल्या. 'फॉर्मेटिव्ह'साठी 'आकारिक मूल्यमापन' घेतलं, शाळांमुळे ते सगळ्यांना माहीत आहे. 'कॉम्पिटन्सी'ला 'क्षमता'. 'फीडबॅक'ला 'प्रत्याभरण' पुस्तकात शोभतं, वॉर्डात कुणी म्हणत नाही, 'फीडबॅक'च ठेवला. 'सिम्युलेटेड पेशंट'साठी 'रुग्णाची भूमिका करणारी व्यक्ती' लांब आहे, पण 'कृत्रिम रुग्ण'ने बाहुली डोळ्यांसमोर येते.

तांत्रिक खोड फॉन्टची. पहिला सारांश जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधून आला. पडद्यावर सुबक, पण पीडीएफमधून ओळ कॉपी केली की निव्वळ कचरा. शोधयंत्रांनाही तोच दिसतो. युनिकोडमध्ये टाइप करूनही पीडीएफ बनवताना ऱ्हस्व वेलांटी निसटली, 'शिक्षण'ची वेलांटी 'श'च्या आधीच सुटी पडली. कसोटी आता ठरलेली: तयार पीडीएफमधून 'शिक्षण', 'कार्य', 'क्षमता' हे तीन शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवायचे. तिन्ही जसेच्या तसे आले तर फाइल पास.

१४ जुलै २०२५

डीओएजेत नोंद झाली. त्याच दिवशी लेखांचा मेटाडेटा (शीर्षक, लेखक, सारांश अशी माहिती) चढवायला घेतला. नियतकालिकाची नोंद झाली म्हणजे लेख आपोआप दिसत नाहीत, ते वेगळे पाठवावे लागतात.

पीकेपीच्या (ओपन जर्नल सिस्टिम्स बनवणाऱ्यांच्या) जतन-जाळ्याचं प्लगइनही चालू केलं. सर्व्हर गेला तरी अंकांच्या प्रती इतरत्र राहतील.

११ ऑगस्ट २०२५

नोंद झाल्यापासून येणाऱ्या लेखांचा वेग दुपटीच्या वर. समीक्षक तेवढेच. त्रैमासिक करायचा प्रस्ताव आला, तूर्त नामंजूर. वर्षाला चार अंक म्हणजे आत्ताच्या हिशोबाने किमान ३६ संशोधन लेख आणि ७२ समीक्षणं. वेळेत समीक्षण देणारे जितके आहेत, त्यांच्यावर दोनाऐवजी चार लादले तर 'बरा आहे, स्वीकारावा' परत येईल. त्याऐवजी १ ते ३० सप्टेंबर नवे लेख घेणं बंद, हातातले निकाली.

पबमेड सेंट्रल या वैद्यकीय लेखांच्या मोफत भांडाराचा विषय निघाला. तिथे लेख एक्सएमएलमध्ये (लेखाचा प्रत्येक भाग खुणांनी वेगळा दाखवणाऱ्या फाइलीत) द्यावा लागतो, नुसती पीडीएफ चालत नाही, आणि आपल्याकडे ते काम जाणणारा कुणी नाही. जानेवारीपासून एका अंकाचं एक्सएमएल घरीच करून बघायचं. सर्वात जास्त तक्ते असलेला लेख आधी घ्यायचा.

बाकी: दोन लेखांचं दुसरं समीक्षण, एका लेखाचं एथिक्सचं पत्र, फिजिओथेरपीच्या लेखातल्या तक्ता ३ ची बेरीज.